क श्रेणीचं चित्र

डॉक्टर कालिंदी राऊळ यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, याचं एक कारण असं की मायना काय लिहावा हे मला ठरवता येईना. 'आदरणीय' लिहावं तर त्या वयाने माझ्या मुलीसारख्या. 'चिरंजीव' लिहावं तर त्या डॉक्टर. 'सप्रेम नमस्कार' मला जरा धिटाईचं वाटलं. फणसवाडीतल्या वाचनालयात लोकांना पुस्तकं देण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्या माणसाची ही अवस्था! दुसरं कारण मात्र मायन्याइतकं साधं नव्हतं.

पत्र छोटंसंच होतं. 'श्री. विठोबा परब यांस. तुमच्या सोनोग्राफीत यकृत जेवढं दिसलं तेवढं ठीक आहे. पण वरचा बराच भाग फासळ्यांआड राहिला. म्हणून रिपोर्टवर क लिहिलं आहे. नेहमीचे सहा महिने थांबू नका, याच महिन्यात परत या. कधी येता ते कळवा, मी वेळ राखून ठेवते. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र.'

फोनचं खरं आहे. अनोळखी नंबर दिसला की पहिलं वाक्य काय बोलावं याचा मी विचार करू लागतो, आणि ते ठरेपर्यंत फोन वाजायचा थांबतो.

माझा थोरला भाऊ महादेव मिलमध्ये साच्यावर कापड विणायला होता आणि मी त्याच मिलच्या हजेरी ऑफिसात कारकून. संपात दोघेही बाहेर पडलो ते पुन्हा आत गेलोच नाही. मला पुढे वाचनालय मिळालं. दादा लालबागच्या मसाला बाजारात मिरच्या कांडायच्या डंकावर उभा राहिला. तो कधी आजारी पडल्याचं आठवत नाही. पडला तेव्हा यकृतातली गाठ नारळाएवढी झाली होती. त्यातच तो गेला. मग डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू माझ्याही अंगात निघाला. बहुधा आम्हा दोघांना तो आईकडून जन्मताच आलेला. तेव्हापासून रोज एक गोळी आणि दर सहा महिन्यांनी परळच्या एका दवाखान्यात सोनोग्राफी. रिपोर्टवर 'नॉर्मल' एवढा एकच शब्द यायचा आणि दादाची बायको, गुणवंती वहिनी, त्या दिवशी शिरा करायची.

मग या नव्या डॉक्टर आल्या. त्या 'नॉर्मल'वर थांबत नाहीत. यकृत किती नीट दिसलं, तेही लिहितात. सगळं दिसलं तर अ, थोडं राहिलं तर ब, बरंच राहिलं तर क. मला वाटलं, आपण नापास झालो. आयुष्यात पुष्कळदा तसं वाटलं आहे, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही. आणि त्या न दिसलेल्या भागात दादासारखं काही वाढत असलं, तर ते कळण्याआधीचा प्रत्येक दिवस मला हवा होता. पत्र मी शब्दकोशात ठेवून दिलं. तो आमच्याकडे दुसरं कोणी उघडत नाही.

पण वहिनी चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत शेजारच्याच खोलीत राहते, आणि पोस्टमनकडून पत्र तिनेच घेतलं होतं.

"भावजी, दवाखान्यातून काय लिहून इला?"

"सगळं ठीक आहे म्हणतात."

"ठीक असा म्हणून सांगूक कोण पत्र धाडता? ठीक असला की दवाखाने गप रवतत." तिने हातातला नारळ खाली ठेवला. "वाचा."

मी वाचलं. वहिनीने पत्र माझ्या हातून घेऊन नीट घडी घातली. मग म्हणाली, "तुमच्या भावाक असा पत्र कोणी धाडूक नाय. तुमका धाडलानी. उद्या जावचा."

"पण मी उत्तर दिलेलं नाही. असं अचानक..."

"आता काय लग्नाची पत्रिका छापतास?"

दवाखान्यात डॉक्टर कालिंदींनी मला पाहिलं आणि हसल्या. "काका, पत्राचं उत्तर घेऊन स्वतःच आलात?"

"नाही. म्हणजे हो. म्हणजे मला क मिळाला, त्याबद्दल क्षमा..."

"अहो, तो गुण तुम्हाला नाही! तुमच्या यकृतालाही नाही. आमच्या चित्राला आहे. नापास झालं असेल तर माझं मशीन झालं." त्या पडद्याकडे बोट दाखवून सांगू लागल्या. "यकृताचा वरचा घुमट बरगड्यांखाली दडलेला असतो. हाडातून आम्हाला पलीकडचं दिसत नाही. तुम्ही पोटभर श्वास घेतला की तो खाली सरकतो आणि मला फटीतून दिसतो. मागच्या वेळी तुम्ही पोट आत ओढून धरलं होतं. आणि सकाळी काय प्यायला होतात?"

"सोडा," मी म्हणालो. "पोट स्वच्छ दिसावं म्हणून."

"मला नुसते बुडबुडे दिसले."

या वेळी पोटात काही नव्हतं. पण टेबलावर झोपलो, सदरा वर केला, त्यांनी ती गार जेली लावली, आणि माझं पोट आपोआप आत गेलं. चारचौघांत सदरा काढायची वेळ आली की ते लहानपणापासून तसंच जातं.

"कुशीवर वळा. हं, श्वास घ्या. पोट फुगवा, काका. फुगवा."

मी छाती वर केली. पोट अजून आत गेलं.

"पोट, पोट!"

पुन्हा तेच. कानशिलं तापली. मला वाटलं, आता ड अशी नवी श्रेणी माझ्यासाठी काढावी लागणार.

इथे आमच्या चाळीतल्या आरतीबद्दल सांगायला हवं. गणपतीत एका आरतीतला पहिला शब्द ताणायची चढाओढ असते. ज्याचा श्वास शेवटपर्यंत टिकेल तो त्या वर्षीचा राजा. ताशा वाजवणारा दौलत आणि वहिनी यांच्यात ती रंगते आणि बहुतेक वहिनीच जिंकते. मी मागे भिंतीला टेकून झांज वाजवतो, हळू. शब्दाच्या आधी सगळे दमभर श्वास भरतात, तेव्हा माझाही भरला जातो. गात मात्र नाही.

वहिनी हिरव्या पडद्याबाहेर बसली होती. तिने सगळं ऐकलं असणार.

"भावजी!" ती ओरडली. "दौलत उभो रवलो हा समोर! शब्द ताणूचो हा. भरा पोटात, नायतर तो जिंकतलो!"

बाहेरच्या बाकावरचे पेशंट हसले. मलाही हसू आलं, आणि हसताना पोट सुटलं. सुटलेल्या पोटात श्वास असा उतरला की कंबरेपर्यंत गेल्यासारखा वाटला.

"धरा!" डॉक्टर म्हणाल्या. "धरा, धरा... आलं. आलं खाली."

त्यांचा हात फिरत होता. मग एका जागी थांबला. मी श्वास सोडला. त्यांनी पुन्हा भरायला लावला आणि हात पुन्हा तिथेच थांबला.

"काका, एक ठिपका आहे. अगदी वर, घुमटाखाली."

पडदा सरकवून वहिनी आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. "केवढो?"

"हरभऱ्याएवढा."

"नारळाएवढो न्हय मा?"

"नाही मावशी. हरभरा. म्हणूनच तर शोधायचा." डॉक्टरांनी माझ्या हाती पुसायला कागद दिला. "मागच्या वेळीही तो असणार. फक्त माझ्या चित्रात नव्हता."

वहिनीने पदर तोंडाला लावला आणि खुर्चीवर बसली. मी तिला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "शिरा करायचा की नाही?" ती रडता रडता हसली. "हरभऱ्याची उसळ करतंय," म्हणाली.

पुढचं फार सोपं झालं असं म्हणणार नाही. स्कॅन झाले, सह्या झाल्या. शेवटी कातडीतून एक बारीक सुई घालून तो ठिपका जागच्या जागी जाळून टाकला. दुसऱ्या दिवशी मी घरी होतो. त्याला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टर अधूनमधून सगळं तपासतात आणि ठिपका परत आलेला नाही. चित्राला दर वेळी अ मिळतो. मला माहीत आहे, तो मला नाही. तरी घरी येताना चाल थोडी बदलते.

मागच्या तपासणीला डॉक्टर कालिंदी म्हणाल्या, "काका, माझ्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही हं. आता तारीख नको. पोट आत ओढणारे पुष्कळ येतात. त्यांच्यासाठी बाहेरच्या भिंतीवर लावायला दोन ओळी लिहून द्या."

दोन ओळींना मला दोन आठवडे लागले. मायना मी गाळूनच टाकला. लिहिलं ते असं: 'पत्र मिळालं. येतो. भिंतीसाठी: सोडा पिऊन येऊ नका. इथे पोट कोणीही आत ओढू नये. आरतीत शब्द ताणण्याआधी भरता तसा श्वास पोटात भरा आणि डॉक्टर सोडा म्हणेपर्यंत सोडू नका.'

चिंचपोकळी स्टेशनबाहेरच्या लाल पेटीपर्यंत वहिनी बरोबर आली. मी पाकीट आत सरकवलं आणि ते खरंच पडलं का, म्हणून बोटं घालून चाचपलं.

"पडला," वहिनी म्हणाली. "आता श्वास सोडा."