ताउनोचे हात

"इथं, इथं बघ! लागलं का?" लॉरेननं नवऱ्याचा हात धरून आपल्या पोटाच्या डाव्या अंगाला दाबला.

"लागलं की!" ताउनो म्हणाला.

गेल्या दोन आठवड्यांतलं त्याचं हे सातवं-आठवं "लागलं की", आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. सडबरीच्या निकेलच्या खाणीत अठरा वर्षं खडकात भोकं पाडायचं हादरणारं यंत्र धरून त्याची बोटं बधिर झाली होती. थंडीत ती पांढरीफटक पडत. शर्टाची गुंडीसुद्धा बघून लावावी लागे. पण खाणीत हे बोलायची रीत नाही. डॉक्टरला कळलं की माणसाला वर आणून हलक्या, कमी पगाराच्या कामावर बसवतात. म्हणून सगळे गप्प, आणि गप्प राहायची सवय लागलेला ताउनो घरीही गप्प.

तसे दिवस मजेचे होते. लॉरेनची मळमळ थांबली होती. आता तिला सारखी भूक लागे, खाल्लं की छातीत जळजळे, आणि झोपेत पोटरीत गोळा आला की ताउनोच्या नावानं शंख होई. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी छान आली होती. आता बाविसावा चालू होता, आणि बाळाची लाथ बाहेरून हाताला लागत होती. शेजारणीला लागली. दर शनिवारी वेलदोड्याचा गोड पाव घेऊन येणाऱ्या त्याच्या आईला, आयलीला, आज आल्या आल्या लागली. बाप तेवढा कोरडा राहिला होता, आणि हे त्याला फार लागलं होतं.

"आता! आता बघ!" लॉरेन म्हणाली.

"बाप रे, केवढ्यानं मारली!"

लॉरेननं त्याचा हात खाली ठेवला. "अरे, बाळ झोपलंय. मुद्दाम म्हटलं मी. मघाशी खरंच मारली, तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघत होतास."

ताउनोनं मान खाली घातली. "बोटांना काही कळत नाही गं. खूप दिवस झाले."

पाव कापता कापता आयलीचा हात थांबला. "याच्या बापाचंही तेच, तोही खाणीतलाच. कप फोडायचा, मी धांदरट म्हणायचे. म्हातारपणी डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मला कळलं. हा तरी बोलला बाई! लॉरेन, गार पाणी पी. उठेल बाळ."

लॉरेन घटाघटा पाणी प्यायली. "सोमवारी आधी डॉक्टर," ती ताउनोला म्हणाली. "आणि आता हात राहू देत. तोंड आण इकडे."

ताउनो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं गाल तिच्या पोटाला लावला. आयली हातात सुरी तशीच धरून उभी होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याच्या गालाच्या हाडावर आतून कुणीतरी ढोसलं. लगेच पुन्हा एकदा, जरा जोरात.

"लागलं?" लॉरेननं विचारलं. "अरे, सांग ना, लागलं का?"

या वेळी ताउनोनं तिचा हात धरून आपल्या गालावर, लाथ लागली होती तिथं, दाबला.