खांद्यांत स्पंज शिवलेले जाकीट

मित्रांनो, मी एक जुने जाकीट आहे, आणि भर उन्हाळ्यातही मला खुंटीवर विसावा मिळत नसे.

मला शिवणाऱ्यांनी आतून जाड अस्तर लावले होते. थंडी अडवायची, एवढेच माझे काम. थोरल्या भावाने मला हौसेने वापरले. व्यायामशाळेत जाऊन त्याचे दंड भरले, मी त्याला तटतटू लागले आणि धाकट्याकडे आले. धाकटा पंधरा वर्षांचा, अंगाने किडकिडीत. थोरला त्याला ‘काडी’ म्हणे. पुढे वर्गातली मुलेही म्हणू लागली.

तेव्हापासून धाकट्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. दुकानाची काच दिसली की तो खांदे ताणी; पुढच्या काचेपाशी पुन्हा ताणी. बसमध्ये, वर्गात माझी चेन गळ्यापर्यंत ओढून बसे. खेळायला बोलावले की पाय दुखतो म्हणे. एके दुपारी दार लावून त्याने माझे अस्तर उसवले आणि खांद्यांत भांडी घासायचे नवे स्पंज शिवले. टाके वेडेवाकडे आले, सुई बोटात घुसली.

"व्यायाम करतोस काय रे?" वर्गातल्या एकाने विचारले. त्या दिवशी धाकटा शीळ घालत घरी आला. मला मात्र धास्ती वाटली. आता हा मला काढणार तरी कधी?

घामाचा वास असह्य झाला, तेव्हा आईने मला बादलीत बुडवले. कितीही पिळले तरी फेस संपेना. तिने खांदे चाचपले, टाके उसवले.

"आणि मी हरवलेल्या स्पंजांसाठी घर डोक्यावर घेतलं होतं," ती म्हणाली. मग आवाज उतरला. "उकडत नव्हतं का रे तुला?"

थोरला फिदीफिदी हसला. धाकट्याने भिंतीकडे तोंड फिरवले. त्याची पाठ हलत होती. थोरल्याचे हसू विरले. तो बादलीशेजारी बसला.

"मीही आरशासमोर पोट आत ओढून उभा राहतो," तो हळूच म्हणाला. "व्यायामशाळेत सगळे माझ्याहून दांडगे. मला चिमणा म्हणतात."

"मग मला काडी का म्हणतोस?"

थोरला बादलीतली माझी एक बाही पिळू लागला.

"आता दोघं मिळून पिळा हे," आई म्हणाली. "माझे हात भरून आले."

दुसऱ्या दिवशी धाकटा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात दारापर्यंत गेला, परत आला, त्याने दोरीवरच्या मला हात लावून पाहिला. मी अजून ओलेच होते. तो तसाच जिना उतरला. थोरलाही मागोमाग गेला.

मित्रांनो, थंडी वाजली तर मला जरूर अंगात घाला. पण कुणी भर उन्हात गळ्यापर्यंत चेन ओढून बसलेला दिसला, तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.