तीन वाजताचा रक्तदाब

चित्रपट शुक्रवारी लागला आणि रविवारी संध्याकाळपर्यंत पडला. सोमवारी दुपारी, हातात मोबाइल असलेला प्रत्येक माणूस त्या चित्रपटाच्या नायकाला शिव्या घालत असताना, नायकाच्या एक्याऐंशी वर्षांच्या वडिलांचा रक्तदाब एकशे अठ्ठावीस भरला. गेली दोन वर्षे तीन औषधांनाही दाद न देता तो एकशे पंचावन्नच्या खाली कधी आला नव्हता.

सिस्टरने पट्टा सोडला, दंडावरची सुरकुती अंगठ्याने सरळ केली आणि पट्टा पुन्हा बांधला.

"काय झालं, मास्तरीणबाई? नापास का?" बाबांनी विचारले.

"बोलू नका. बोललं की वाढतो."

"मग बोलू द्या की. तुम्हाला कमी पडलेला दिसतोय."

दुसऱ्या वेळी एकशे सव्वीस. खिडकीपाशी पाठमोरा बसलेला मुलगा मोबाइलवर अंगठा फिरवत होता. त्याने मान न वळवता विचारले, "ठीक आहे ना?" सिस्टर म्हणाली, "ठीक आहे." हे उत्तर तिला स्वतःलाच पटले नाही.

मास्तरीणबाई हे नाव बाबांनी तिला पहिल्याच आठवड्यात ठेवले होते. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे ती त्यांना गप्प बसवी. पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला, डावा दंड उघडा, रोज दुपारी तीन वाजता. इस्पितळातली सव्वीस वर्षे तिने अशीच काढली होती. गुडघे कुरकुरू लागल्यावर तिने वॉर्ड सोडला आणि परिचारिकांच्या ब्यूरोमार्फत घरोघरी ड्युटी धरली. तिच्याकडे मालमत्ता म्हणावी अशी एकच गोष्ट होती: तिने सांगितलेला आकडा कुठलाही डॉक्टर पुन्हा तपासत नसे.

घर बाबांच्या मोठ्या मुलीचे, ताईंचे. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राही आणि एरवी वर्षातून दोनदा येई. दारात दोन अंगरक्षक उभे करून, फुलांचा गुच्छ टेबलावर ठेवून, चहा निवायच्या आत निघून जाई. आता मात्र घरात एक मोहीम सुरू होती. बाबांच्या कानावर काही जाऊ द्यायचे नाही, असे ताईंनी रविवारीच ठरवले. टीव्ही "बिघडला". पेपरवाल्यांचा "संप" झाला. बाबांचा फोन "दुरुस्तीला" गेला. रोज येणाऱ्या मित्राला घरात साथ असल्याचे कळवण्यात आले. धक्का बसलाच तर आधीच तयारी असावी म्हणून ताईंनी डॉक्टरांना फोन करून रात्रीची अर्धी गोळी पूर्ण करून घेतली. दुपारचा प्रश्न उरला, कारण ताई बँकेत. तेव्हा पहारा द्यायला मुलगा स्वतः आला. बाराला येई आणि ताई परतल्या की जाई. बाहेर त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती, हेही खरेच.

मंगळवारी एकशे तीस. सिस्टरने पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. तिचा नेहमीचा आकडा आला. मशीन ठीक होते. मग तिला वाढवलेल्या गोळीचा संशय आला. पण जास्तीच्या अर्ध्या गोळीने एका रात्रीत रक्तदाब तीस-पस्तीसने उतरत नाही. जेवणातले मीठ तेच, झोप तीच. कारण मात्र सापडेना, आणि परिणाम तर समोर उभा होता: बुधवारी जेवणानंतर बाबा हात धुवायला उठले आणि बेसिन धरून तसेच थांबले.

"भिंत जरा फिरली," ते म्हणाले. "मी तर जागेवरच आहे."

सिस्टरने त्यांना काखेत धरून आणले. उतरलेल्या रक्तदाबावर वाढवलेली गोळी. या वयात माणूस पडला, खुबा मोडला, तर पुन्हा उठत नाही. त्या दिवशी ताई येईपर्यंत ती थांबली.

"गोळी अर्धी करायला हवी. त्यांना चक्कर येतेय. तीन दिवस आकडा खाली आहे."

ताईंनी पर्स खांद्यावरून काढलीसुद्धा नाही. "सिस्टर, मी काल आल्यावर स्वतः मोजला. एकशे अठ्ठावन्न. मशीन तेच, हात तोच."

"तीन वाजता एकशे तीस होता."

"या दिवसांत? घरावर हे असं आभाळ कोसळलेलं असताना बाबांचं बीपी उतरतं म्हणता? मला सरळ सांगा, तुम्ही मोजता की अंदाजे ठोकून देता?"

"मी अंदाजे काही सांगत नाही, ताई."

"शनिवारी डॉक्टर येतायत. त्यांच्यासमोर मोजू. तोवर गोळी आहे तीच. आणि ब्यूरोला मी कळवून ठेवलंय, सोमवारपासून दुसरी कोणी मिळते का बघा म्हणून. राग मानू नका."

सिस्टरने राग मानला नाही. खोटे आकडे सांगणारी बाई म्हणून नाव झाले की ब्यूरो कुठल्याच दारात उभे करत नाही, एवढेच तिच्या मनात आले. रात्री तिच्या घरी भावजय मोबाइल पुढे धरून हसत होती. चित्रपटात नायक समुद्रातून वर येतो, छातीवरून पाणी निथळत असते, ढग गडगडतात आणि तो म्हणतो, "मी परत आलोय." लोकांनी ते वाक्य कशालाही चिकटवले होते. गेलेली वीज येते: मी परत आलोय. दाढदुखी उलटते: मी परत आलोय. औषध मारलेल्या मोरीतून झुरळ डोके काढते आणि त्याला नायकाचा चेहरा.

"बघा तरी, वन्सं. झुरळ काय शोभतंय त्याला."

"डोळे दुखतात माझे," सिस्टर म्हणाली. आपण कोणाच्या घरी जातो हे तिने भावजयीला कधी सांगितले नव्हते.

गुरुवारी ती पोचली तेव्हा मुलगा नेहमीपेक्षा लवकर आलेला होता. बाबा आत अंघोळीला तयार होत होते. तो ओट्याला टेकून उभा होता. दाढी वाढलेली, अंगात बहिणीकडे पडून असलेला कधीचा तरी जुना सदरा.

"चहा ठेवू, सर?"

"ठेवा. हे ऐका. 'या माणसाने आता घरी बसावं.' चाळीस हजार लोकांना पटलंय. बसलोय की. लोकांचं ऐकायचं म्हणतात, पहिल्यांदाच ऐकतोय."

"कशाला वाचता?"

"दोन वर्षं घालवली त्या सिनेमावर. त्यांनी निदान दोन ओळी लिहिण्याइतका वेळ तरी दिला." त्याने अंगठा थांबवला आणि आवाज खाली आणला. "बाकीचं चालतं. पण हे बघा. 'बाप तिकिटं विकायचा, यानेही तिकिटंच विकावीत.' हे बाबांनी वाचलं तर? जन्मभर त्या खिडकीत बसून मला वाढवलंय त्यांनी. म्हणून बसतो इथे."

सिस्टरने चहा गाळला. साखर किती, एवढे तिने विचारले.

साडेअकराला निर्मात्याचा फोन आला. प्रेक्षकांची माफी मागणारे दोन मिनिटांचे चित्रण करायचे होते, आजच. तो सदरा बदलून निघून गेला. बाबांना सांगितले, "शूटिंग आहे."

तीन वाजता सिस्टरने पट्टा बांधला. एकशे चौसष्ट.

पाच मिनिटे थांबून पुन्हा. एकशे बासष्ट.

गोळी पूर्ण, जेवण नेहमीचे, मशीन तेच, हात तोच. ती खिडकीपाशी गेली. मुलाची खुर्ची रिकामी होती आणि खुर्चीच्या हातावर त्याचा टॉवेल वाळत पडला होता. दिवसात बदललेली गोष्ट एकच होती.

"बाबा, तुम्हाला ठाऊक आहे ना?" तिने विचारले.

"काय?"

"सगळंच."

बाबांनी बाही खाली ओढली आणि गुंडी लावायचा प्रयत्न केला. गुंडी लागेना तेव्हा तिने लावली.

"टीव्ही बिघडतो, पेपर बंद पडतो, फोन मोडतो, तेही एकाच दिवशी," ते म्हणाले. "माझी पोरगी बँकेत हुशार असेल, पण थापा मारायला तिला जमत नाही. आणि त्याची तरी काय गरज होती? सोमवारी बारा वाजता तो दारात उभा राहिला. थेटराच्या खिडकीत बसून मी म्हातारा झालो, बाई. ज्याचा सिनेमा चालतो तो पहिल्या सोमवारी बापाच्या घरी जेवायला येत नाही. त्याला बघितलं आणि मला गल्ला कळला."

"मग बोलला का नाहीत? ते बिचारे इथे जीव मुठीत धरून बसतात."

"म्हणून तर. तो इथे मला सांभाळायला बसलाय. मला माहीत आहे हे त्याला कळलं, की सांभाळायचं काम संपलं." त्यांनी गालावरून हात फिरवला. "काल त्याने माझी दाढी केली. हात हलका आहे त्याचा. मला माहीतच नव्हतं. त्याच्या तोंडावर जग थुंकतंय, आणि मी इथे सकाळपासून बाराची वाट बघतो. बापाने असं असू नये. पण तुम्ही माझ्या दंडाला पट्टाच बांधून बसलात, तुमच्यापासून काय लपवू?"

सिस्टर मशीनची नळी गुंडाळत राहिली. तिचे वडील गेले तेव्हा ती दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांच्या उशाशी ड्युटीवर होती. त्यांचा रक्तदाब किती असे, ते तिला आजही माहीत नव्हते.

"ताईंना सांगितलं तर गोळी अर्धी होईल," ती म्हणाली. "आणि माझं नाव साफ होईल."

"सांगा मग. तुमचा हक्क आहे."

"नाही सांगितलं तर तुम्ही पडाल."

"भिंत धरून चालतो," बाबा म्हणाले. "शनिवारपर्यंत धरतो."

शनिवारी डॉक्टर तीनला आले. ताईंनी सुट्टी घेतली होती. मुलाला त्यांनी गॅलरीत जायला सांगितले; खोलीत गर्दी नको. सिस्टरने त्याला दारातच अडवले.

"सर, बाबांची नखं वाढलीत. उजव्या हाताची काढता का? डावा हात डॉक्टरांना लागेल."

"आत्ताच?" ताई म्हणाल्या.

"नखांनी ओरखडा उठतो. मोजताना ते हात हलवतात."

हे तिने नोकरीत सांगितलेले पहिले खोटे होते, आणि तेही बेतास बात होते. मुलगा स्टूल ओढून बसला. वडिलांचा उजवा हात त्याने मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. मोजण्यापूर्वीची पाच मिनिटे नेलकटरचा तेवढा आवाज होत होता. डॉक्टरांनी आपल्या बॅगेतले पाऱ्याचे मशीन काढून डाव्या दंडावर मोजले. मग थांबून पुन्हा मोजले.

"एकशे सव्वीस," ते म्हणाले. "यावर एवढी गोळी? माणूस पाडायचाय का आपल्याला? अर्धी करा, आणि दुपारचीही कमी करू."

ताई सिस्टरकडे बघत राहिल्या. "मी मोजते तेव्हा कमी का येत नाही मग?" त्यांनी विचारले. मग दुसरी कोणी नको असे ब्यूरोला कळवायला त्या आत गेल्या. बाबांनी बोटे पसरून कापलेली नखे पाहिली आणि म्हणाले, "करंगळी राहिली रे."

आणखी दोन आठवडे असेच गेले. लोक शिव्या देऊन दमले, असे काही झाले नाही. त्यांना एक गायक सापडला आणि ते त्याच्याकडे वळले. मग बॅटऱ्या विकणाऱ्या एका कंपनीला ते वाक्य उपयोगाचे वाटले. जाहिरातीत बंद पडलेला टॉर्च लागतो, उजेडात तोच नायक, डोक्यावर झुरळाच्या मिशा, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "मी परत आलोय." लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. स्वतःवर हसायला मोठे मन लागते, असे चाळीस हजार लोकांनी लिहिले. ते तेच चाळीस हजार होते की दुसरे, हे कोणी तपासले नाही. महिन्याभरात नवा चित्रपट ठरला. चित्रीकरण परदेशात होते.

एका सकाळीच घरातला टीव्ही दुरुस्त झाला, पेपरवाल्यांचा संप मिटला आणि फोन परत आला. बाबांनी ती जाहिरात पाहिली. "छान केलंय," ते म्हणाले. "मिशा शोभतायत." भावजयीलाही ती आवडली होती.

त्या आठवड्यात रोज तीन वाजता आकडा चढत गेला. एकशे अठ्ठावन्न. एकशे चौसष्ट. रविवारी ताई घरी होत्या. एकशे अडुसष्ट आला तो त्यांच्या डोळ्यांसमोर.

"बघा," त्या म्हणाल्या, "आता कसा बरोबर यायला लागला. मधे मशीनलाच काहीतरी झालं होतं." पण त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"औषध कमी केल्यामुळे थोडा वाढणारच," डॉक्टर म्हणाले, "पण एवढा नाही. मधे एका गुरुवारी पूर्ण गोळीवर सिस्टरना एकशे चौसष्टही मिळाला होता म्हणतात. विचित्रच आहे. गोळ्या पुन्हा पूर्वीसारख्या करा. पण सिस्टर, मला एक सांगा, त्या तीन आठवड्यांत काय वेगळं होतं? जेवण? झोप?"

"वेगळं म्हणजे टेन्शन होतं, डॉक्टर," ताई म्हणाल्या. "आता तर सगळं निवळलंय. उलट आता उतरायला हवं."

सिस्टरने बाबांकडे पाहिले. त्यांनी डावा दंड अजून तसाच उघडा ठेवला होता. खिडकीपाशी खुर्ची होती. तिच्यावर आजचा पेपर नीट घडी करून ठेवलेला होता. बाबांनी डोळे मिटले आणि होकारार्थी मान हलवली.

"तेव्हा मुलगा रोज दुपारी घरी असायचा," सिस्टर म्हणाली. "आता नसतो. दुसरं काही कारण नाही."