पाडायचं की सजवायचं

दादाने आणि मी एकाच सकाळी दोन माणसं बोलावली, तीही एकमेकांना न विचारता. आम्हा भावंडांची ही जुनी खोड. त्याने आणला इंटिरियर डिझायनर, मी डेकोरेटर. मला फरक कळला होता तो एवढाच: डेकोरेटर बाई आहे तेच घर सजवणार होत्या आणि डिझायनर आधी निम्मं पाडणार होता.

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, पाडापाडी नको होती. चाळीस वर्षं त्यांनी याच घरात शिलाई मशीन चालवलं. वर्षभरापूर्वी ते बंद केलं, कारण म्हणे हल्ली सुया धड बनवत नाहीत. गेल्या महिन्यात मात्र त्यांनी दोन कप फोडले आणि न्हाणीघराच्या पायरीवर गुडघा फोडून घेतला. तेव्हापासून दादाचा एकच हेका: घर नीट करा, नाहीतर अण्णा माझ्याकडे येतील. दादाच्या फ्लॅटवर अण्णा पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसून राहतात. मला ते बघवत नाही.

"रंग, पडदे आणि चार चांगले दिवे लावले की झालं," मी म्हणाले. "उगाच घर कशाला खणायचं?"

"दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला!" दादा तणतणत डिझायनरला घेऊन न्हाणीघर मोजायला गेला.

बाईंनी टेबलावर पडद्याच्या कापडाचे दोन तुकडे मांडले. अण्णा खुलले. चिमटीत कापड चुरगाळत म्हणाले, "हे निव्वळ सुती. त्या दुसऱ्यात भेसळ आहे, दोन धुण्यांत मान टाकेल."

"अगदी बरोबर, काका!" बाई थक्क झाल्या. "मग कोणतं घेऊ?"

"सुतीच. हा निळा शोभेल इथे."

निळा तुकडा तिथे नव्हताच. सुती होता तो गर्द तपकिरी, दुसरा पिवळा.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कप, गुडघा, त्या सुया, सगळ्याचा अर्थ एकदम लागला आणि मला स्वतःचाच संताप आला. रोज त्यांच्यासमोर बसून जेवते मी! कळलं कसं नाही?

कुणीच बोलेना, त्यावरून अण्णा समजले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कोणता होता गं?"

"तपकिरी."

"दादाला सांगू नकोस. तो आजच मला उचलून नेईल."

बाई तुकडे गोळा करू लागल्या. "ताई, माझ्या पडद्यांनी आता काय होणार?" त्या हळूच म्हणाल्या. "काम त्या डिझायनरलाच द्या." हातचं काम असं सोडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

आतून दादाची पावलं वाजली. सांगावं तर अण्णा जाणार, लपवावं तर पुढच्या वेळी गुडघ्याऐवजी डोकं फुटणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"मग? ठरलं?" दादाने विचारलं.

"डिझायनर," मी म्हणाले.

"आता कशी ताळ्यावर आलीस!"

अण्णांनी माझं मनगट सोडलं.

डिझायनरने वही उघडली. "एक विचारायचं राहिलं. घरात कुणाला चालायचा, बघायचा काही त्रास? पायऱ्या, कठडे, दिवे, सगळं त्यावर ठरतं."

"छे, तसं काही नाही," दादा म्हणाला.

"खरं म्हणजे..." मी सुरुवात केली. मी सांगून टाकेन या भीतीने की काय, अण्णाच घाईने बोलले.

"मला दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, बाकी सगळं धुरकट. ते धरून नकाशा काढ, बाळा. आणि मी इथेच राहणार आहे, तेही लिही."

डिझायनर पेन धरून तसाच थांबला. त्याने दादाकडे पाहिलं. दादा कितीतरी वेळ अण्णांच्या डोळ्यांकडे बघत उभा होता.

"लिहा," तो शेवटी म्हणाला.