फोटोसाठी एक फेरा

वळणालगतच्या बांधावर फोटोवाले ट्रायपॉड लावून उभे होते. अगदी टोकाला, सगळ्यात मोक्याच्या जागी, त्यांच्या क्लबचे अध्यक्ष. त्यांना पाहताच ड्रायव्हरचे तोंड कडू झाले.

दुरुस्त केलेले हे जुने वाफेचे इंजिन अधूनमधून बाहेर निघे, ते या लोकांसाठीच. गाडी मागे न्यायची आणि धूर ओकत त्यांच्यासमोरून दणक्यात आणायची. ड्रायव्हरची बायकोही याच बांधावर उभी राहायची. आजारपणात तिने आपले फोटो छापून आणायला अध्यक्षांकडे दिले. ती गेली, आणि त्यातलाच एक प्रदर्शनात पहिला आला. खाली नाव अध्यक्षांचे.

ड्रायव्हर तो बघायला गेला होता. फोटोत तो स्वतःच खिडकीबाहेर वाकून हसत होता. तसा तो एकाच कॅमेऱ्याकडे बघून हसायचा. त्याने अध्यक्षांना गाठले, तर ते म्हणाले, "अहो, दुःखात माणसाला असे भास होतात."

तेव्हापासून तो 'भास' शब्द त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून होता.

"दाजी, तो बघा, मोर नाचायला उभा राहिलाय," भट्टीत कोळसा टाकत मेहुणा म्हणाला. इंजिनाचा फायरमन तोच. "ताईच्या जिवावर मिरवतोय लेकाचा. काय करायचं?"

"तू आग चांगली ठेव. बाकीचं मी बघतो."

शिट्टी झाली. बांध जवळ येताच ड्रायव्हरने सिलिंडरचे नळ उघडले. उभ्या इंजिनात साचलेले पाणी काढायला ते निघताना थोडा वेळ उघडतात; चालत्या गाडीत उघडले की वाफ जमिनीलगत आडवी फुटते. पांढरा लोट बांधावर चढला. इंजिन, झाडे, माणसे, सगळे गडप.

"अहो ड्रायव्हरसाहेब, काय हे! ढगाचा फोटो काढायचा का आम्ही?"

दुसऱ्या फेऱ्यालाही तेच. ऊन उतरायला लागले. अध्यक्ष तरातरा रुळाजवळ आले.

"नळ बंद करायला विसरता काय? वय झालं तुमचं!"

"विसरलो नाही. मुद्दाम उघडले," ड्रायव्हर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "पहिला आलेला फोटो कुणी काढला ते सांगा. मग बंद करतो."

"ही काय अडवणूक!"

"भास होतोय तुम्हाला," मेहुणा आतून म्हणाला.

"सांगून टाका हो, उजेड चाललाय!" एक म्हातारी फोटोवाली ओरडली. मग बाकीचेही ओरडू लागले. न्याय-अन्यायाचे त्यांना काही पडले नव्हते. त्यांना इंजिन हवे होते.

"यांच्या मिसेसनी," अध्यक्ष पुटपुटले.

"मोठ्याने. नाव घेऊन."

अध्यक्षांनी नाव घेतले. कितीतरी दिवसांनी ते परक्याच्या तोंडून ऐकून ड्रायव्हरला गलबलून आले. राग मात्र तसूभर उतरला नाही.

तिसऱ्या फेऱ्याला नळ बंद होते. धूर सरळ आभाळात गेला, चाके उन्हात झळकली, बांधावर कॅमेरे खटखटले. एकेकाला मनासारखा फोटो मिळत गेला. आता टोकाला फक्त अध्यक्ष उरले, डोळ्याला कॅमेरा लावून.

"जाऊ द्या दाजी. कबूल झाला ना तो?"

"ते तिच्यासाठी झालं," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने नळांचा दांडा ओढला.

भाजण्याइतके अध्यक्ष जवळ नव्हते. कॅमेऱ्यासकट चिंब मात्र झाले. त्यांचा खोकला मागे पडेपर्यंत ड्रायव्हरने नळ बंद केले नाहीत.