माझा वायू चढ कसा चढला

मी एक जुना फ्रीज आहे. गंजलेला, दार निखळलेला आणि तुमच्यावर चिडलेला. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. बाकी आपली मैत्री वगैरे काही नाही. माया करणाऱ्यांनीच मला खड्ड्यात घातलं, तेव्हापासून मी कोणाला मित्र मानत नाही.

कारखान्यात माझ्या पत्र्याच्या दोन भिंतींमध्ये पिवळा फेस ओतला गेला. तो फुगून घट्ट झाला. त्याच्या बुडबुड्याबुडबुड्यात एक वायू कोंडलेला होता. त्याला रंग नाही, तो जळत नाही, कोणाला बाधत नाही. फार गुणी वायू, असं तेव्हा सगळे म्हणायचे. पुढे कळलं की तो आभाळाचं छप्पर विरवतो. मग साऱ्या जगाने त्याला हद्दपार केलं. हे शहाणपण मला बनवण्याआधी सुचलं असतं तर काय बिघडलं असतं?

सोलो शहरातून टेम्पोत बसून मी मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याशी, उंबुल जांबे नावाच्या झऱ्यापाशी आलो. मला आणलं बू सार्जियेमने. आमच्याकडे बू म्हणजे आई, काकू, मावशी, सगळंच. ती झऱ्याकाठी दावेत विकायची. नारळाचं दूध, माडाचा गूळ आणि हिरव्या शेवया, वर माझा बर्फ. गावातला पहिला फ्रीज मी. लेबारानच्या, म्हणजे ईदच्या सणाला अर्ध्या गावाचं मटण माझ्या पोटात असायचं. कोणाचं पोर तापलं की माझ्याच दारात धाव. बू मला सारोंगच्या टोकाने पुसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हा माझा थोरला."

बावीस वर्षं राबलो. मग माझा कॉम्प्रेसर बसला. नवा फ्रीज आला आणि थोरल्याच्या पोटात कोंबड्या अंड्यावर बसवल्या. पुढे कोंबड्यांनाही मी नकोसा झालो.

एका शुक्रवारी भर दुपारी, पुरुषमाणसं नमाजाला गेलेली असताना, बूने आणि तिच्या जावेने मला हातगाडीवर घातलं. झऱ्याच्या वरच्या अंगाला बांबूचं बेट आहे. तिथल्या खड्ड्यात ढकललं आणि वर माती लोटली. पडताना माझी पाठ फुटली, फेसाचा चुरा झाला. कोंडलेला वायू मातीत आणि मातीतून पाण्यात झिरपू लागला. वर्षभरात ती जाऊही वारली, म्हणजे साक्षीदार उरला नाही. आणि ही बू कोण? तर झऱ्यात कोणी साबणाचा हात बुडवला तरी "मेल्या, पाण्यात घाण करतोस!" म्हणून गाव डोक्यावर घेणारी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

दहाएक वर्षं गेली. माझ्याही वर, चढावर, बाटलीबंद पाण्याचा कारखाना आला. त्यांनी खोल बोअर मारली आणि झरा आटू लागला. आधी झऱ्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या, मग खालची भातखाचरं भेगाळली. एवढ्यावर कारखान्याचं भागेना. त्यांना दुसरी बोअर हवी होती. त्यांचे साहेब, पाक हर्तावान, म्हणजे आपले हर्तावानराव, गावाला पटवायला आले.

"आमचं पाणी दीडशे मीटर खालचं आहे. चिकणमातीच्या थराखाली बंद झालेलं, हजार वर्षांपूर्वीचं. तुमच्या झऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही."

"हजार वर्षांचं?" बू म्हणाली. "जन्मदाखला बघितलास वाटतं त्याचा!"

तो दाखला काढायला गावाने योग्याकार्ताहून निकेन नावाची पाण्याची अभ्यासक बोलावली. ती झऱ्याकाठी बसून जे बोलली, ते मला खड्ड्यात ऐकू आलं.

"पाऊस जमिनीत मुरताना त्या वर्षीच्या हवेतले वायू सोबत नेतो. जुन्या फ्रीजांचे वायू हवेत कोणत्या साली किती होते याच्या नोंदी आहेत. पाण्यात ते किती उतरलेत हे मोजलं, की पाणी कधी मुरलं ते कळतं. शंभर वर्षांपूर्वीच्या पाण्यात ते नसतातच."

तिने बाटली बादलीतल्या पाण्यात बुडवली, नळीने तिथेच भरली आणि झाकणही पाण्याखालीच लावलं. आजच्या हवेचा एक बुडबुडा शिरला तरी नमुना फुकट जातो. तेवढ्यात बुडबुडा शिरलाच. तिने पुन्हा भरली.

"अगं पोरी, बाटली भरतेयस की बाळंतिणीचं पोर न्हाऊ घालतेयस?" बूने विचारलं.

"तुम्ही जरा गप्प बसलात तर दोन्ही जमेल, बू."

कारखान्याच्या बोअरचा नमुनाही तिने लुराहसमोर, म्हणजे गावच्या सरपंचासमोर, असाच घेतला.

दोन महिन्यांनी झऱ्याकाठच्या मांडवात सभा भरली. निकेनचा चेहरा उतरलेला होता. "झऱ्याच्या पाण्यात एक वायू इतका आहे, की हवेत तो कधीच तेवढा नव्हता. बाहेरून काहीतरी मिसळलंय. वय सांगता येत नाही."

"म्हणजे यांचं पाणी पुढच्या सालच्या पावसाचं!" हर्तावान ओरडला. त्याची माणसं खो खो हसली.

"तुमच्या बोअरमध्येही तोच वायू आहे, साहेब. कमी आहे, पण आहे. हजार वर्षांच्या पाण्यात त्याचा मागमूसही नको."

हर्तावान तिच्यावर उखडला. "आमच्या एसीचा असेल. नमुना नासवलात तुम्ही!"

"हा एसीतला नाही. जुन्या फ्रीजच्या भिंतीत जो फेस असतो, त्यातला आहे." ती गावाकडे वळली. "इथे कोणी फ्रीज टाकलाय का? जागा कळली तर काही सिद्ध करता येईल. नाहीतर हे आकडे निकामी आहेत आणि दुसरी बोअर होणार."

मित्रांनो, मला आनंद झाला होता. बू तोंड उघडणार नाही याची मला खात्री होती आणि मला तेच हवं होतं. आटू दे झरा! भोगू देत सगळे! मला पुरताना कोणाला दया आली होती?

बू उठली. "मी टाकला. त्या बांबूच्या बेटात."

मांडवात एकच गलका झाला. "आणि साबणावरून आम्हाला शिव्या घालत होतीस?" एक बाई किंचाळली.

"घालत होते. आता तुम्ही मला घाला, मी ऐकते."

"ऐकलंत ना?" हर्तावान टाळी वाजवून म्हणाला. "हिनेच पाणी नासवलं!"

"नासवलं," बू म्हणाली. "पण साहेब, माझा फ्रीज खाली आहे आणि तुझी बोअर वर. पाणी आपल्या पायाने चढ चढत नाही. मग माझा फ्रीज तुझ्या बाटलीत पोचला कसा? ओढला कोणी?"

हर्तावान आपले कागद गोळा करू लागला.

दुसऱ्या बोअरची परवानगी लुराहने तिथेच फेटाळली. पहिलीचा उपसा निम्म्यावर आला. मला उकरून काढलं, फेसाचा चुरा चिमट्यांनी वेचला. बूने माझ्या फुटक्या पाठीवर हात ठेवला आणि ती रडली. मी विरघळलो असं समजू नका. तिच्या दावेतवर महिनाभर कोणी फिरकलं नाही, ते मला बरंच वाटलं.

मला टेम्पोत चढवताना तिने निकेनला विचारलं, "या पाण्याचं वय पुन्हा कधी काढता येईल?"

"चुरा मातीत उरलाय, बू. तीस-चाळीस वर्षं जातील."

"म्हणजे मी नसेन." बूने निकेनच्या वहीवर बोट ठेवलं. "मग लिहून ठेव. फ्रीज कुठे होता, कोणी टाकला, सगळं लिही. सार्जियेम. नाव नीट लिही, पोरी."

मित्रांनो, शुद्ध मराठीत सांगतो. माझ्यासारख्याला जमिनीत गाडू नका. गाडलंच असेल तर चारचौघांत उभं राहून आपलं नाव सांगायची छाती ठेवा. मला खड्ड्यात घालणाऱ्या त्या बाईकडे ती होती. तुमच्याकडे आहे का?