वाळूतलं पंपघर

माझे भावोजी पाणीपुरवठा खात्यात मुख्य अभियंता होते आणि नदीबद्दल त्यांना काडीचं कळत नव्हतं. खात्यात याची अडचण कुणालाच नव्हती.

माझं काम उपग्रहाने टिपलेल्या चित्रांचं. नदीच्या एकाच वळणाची तीस वर्षांची चित्रं मी एकावर एक ठेवली, दरवर्षीचा काठ वेगळ्या रंगाने आखला. नदी वळणाचा बाहेरचा काठ दरसाल पंधरा-वीस मीटर कापत होती आणि आतल्या बाजूला वाळू टाकत दूर सरकत होती. भावोजींचं नवं पंपघर नेमकं आतल्या बाजूला होणार होतं.

मी त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. ताई ग्लास बाजूला करत होती.

"इथे काठ खचत नाही ना? मग झालं तर!" भावोजी म्हणाले.

"काठ नाही खचणार, नदीच निघून जाईल. तीन वर्षांत पाइपाला पाणी मिळणार नाही."

"नदीला काय पाय फुटलेत?" स्वतःच्याच विनोदावर ते खो खो हसले. "तू बस आपली चित्रं बघत." आणि नकाशावरच त्यांनी गरम पातेलं ठेवलं.

उद्घाटनाच्या भाषणात ते अर्धा तास स्वतःच्या अनुभवावर बोलले. टाळ्या पडल्या. वाजवणारे सगळे त्यांच्याच हाताखालचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाइपाचं तोंड वाळूत उघडं पडलं. नदी पन्नास मीटर पलीकडून वाहत होती आणि अर्ध्या शहराचे नळ कोरडे होते. भावोजी ताईला घेऊन माझ्याकडे आले. आवाजात एकदम साखर.

"एक अहवाल लिहून दे. हे आधी कळणं कुणालाच शक्य नव्हतं, एवढंच लिही. तुझ्या सहीला वजन आहे."

इतका लाचार माणूस मी पाहिला नव्हता. मला कीवही आली नाही. मी नाही म्हणणार, तोच ताई बोलली. लग्नापासून तिने त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

"तिने सांगितलं होतं. मी तिथेच उभी होते."

"तू गप्प बस. तुला नकाशातलं काय कळतं?"

"काही नाही. पण खोटी सही मागताय, ते कळतंय."

भावोजी एकटेच परत गेले. ताई पंधरा दिवस माझ्याकडे राहिली आणि खात्याने लावलेल्या चौकशीत जबाब देऊनच घरी गेली. मी चौकशीला खरा अहवाल दिला आणि त्याला जुना नकाशा जोडला, तारखेसकट.

भावोजींना आता भांडारात बसवलंय. तिथे ते नव्या माणसांना सांगतात, नदीने दगा दिला म्हणून.